निकालाचा फोटो

जो कॅमेरा अजून कुठल्या दुकानात आलेला नाही, ज्याचं खोकंसुद्धा कुणी पाहिलेलं नाही, त्याच्यावरून आमच्या स्टुडिओत रोज दुपारी भांडण होतं. भांडणाऱ्यांत एक माझा नवरा हर्षल आणि दुसरा कोल्हारचा मच्छिंद्र. दोघंही लग्नाचे फोटोग्राफर. मच्छिंद्र तिकडे त्याच्या स्टुडिओत बसलेला असतो, हर्षल इकडे पारनेरला, आणि फोन स्पीकरवर. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, ही म्हण कुणी रचली ते मला माहीत नाही, पण त्याच्या ओळखीत दोन फोटोग्राफर नक्की असणार.

मी तिसऱ्या खुर्चीत, कॉम्प्युटरपुढे. फोटो निवडायचे, रंग नीट करायचे, अल्बम लावायचा, हे सगळं माझ्याकडे. हर्षल एका लग्नात चार-पाच हजार फोटो काढून आणतो आणि माझ्यापुढे ओततो. त्यात नवरीपेक्षा नवरीच्या मामीचे जास्त असतात. ते उपसताना माझा जीव जातो, आणि हे दोघं मात्र पुढच्या वर्षी येणाऱ्या कॅमेऱ्याचं बारसं करत बसतात.

त्या दिवशीही तेच. पोळा तोंडावर आला होता, लग्नं बंद होती, दोघांना उद्योग नव्हता.

"पंचेचाळीस मेगापिक्सेल येनार. लिहून ठेव," मच्छिंद्र म्हणाला.

"एवढाल्या फायली ठिवायच्या कुठं? चोवीसच असनार. प्रो बॉडी हाय ती. प्रो मानसाला स्पीड लागतो," हर्षल म्हणाला.

"मागच्या टायमाला बी तू चोवीसच म्हनला हुता."

"मग?"

"तेहतीस आले."

"जवळच हाय की."

मी हसले नाही. हसलं की यांना वाटतं, बाईला पण रस आहे, आणि मग मला समजावून सांगायला लागतात.

"जनावराचा डोळा धरायचं लई सुधारलंय म्हनं," मच्छिंद्र पुढे म्हणाला. "कुत्रं, मांजर, पाखरू, घोडं. डोळ्यावरून फोकस हलतच न्हाई."

"बैल?"

"बैलाचं कुठं लिहिलेलं न्हाई."

"मग आपल्याला काय उपेग त्याचा," हर्षल म्हणाला आणि तिथेच अडखळला. माझ्याकडे चोरून बघितलं. आमच्या घरात चैत्रापासून बैल हा शब्द जरा जपूनच वापरतात.

त्याचं कारण सांगते. माझं माहेर याच तालुक्यात. वडील कारभारी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आई साळूबाई. आणि माझ्या पाठचा भाऊ करण. अण्णांना शर्यतीच्या बैलांचा नाद, आणि करणला तर जन्मल्यापासून. राजा आणि सोन्या ही जोडी करणने गोऱ्हे असल्यापासून वाढवली. स्वतः चहा पिणार नाही, पण राजाला उडदाचं पीठ आणि गावठी अंडी चुकणार नाहीत. अण्णा नुसते कौतुक करायचे, राबायचा तो.

आमच्या भागात जुनी रीत म्हणजे घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एकेक गाडा पळतो आणि घड्याळ निकाल देतं. भांडायला जागाच नसते. पण अलीकडे साताऱ्याकडची छकड्याची शर्यत आमच्या यात्रेतही आली. हलका छकडा, त्यावर एक हाकणारा, आणि शेजारीशेजारी पळणाऱ्या जोड्या. चुन्याची रेघ जो आधी ओलांडेल तो जिंकला. यात घड्याळाचा काही उपयोग नाही, डोळ्यांनीच ठरवावं लागतं. म्हणून यंदा चैत्रातल्या यात्रेत कमिटीने हर्षलला रेघेच्या बरोबर सरळीत, ट्रॉलीवर उभं केलं. निकालाचा फोटो काढायला.

फायनलला दोनच जोड्या उरल्या. पलीकडच्या चाकोरीत आमचा राजा-सोन्या, हाकायला करण. अलीकडच्या चाकोरीत शेजारच्या गावच्या भागवतची जोडी. मी बायकांच्या मंडपात आईजवळ बसले होते. दोन्ही छकडे एका दमात आले, धुरळा उठला, आणि रेघ ओलांडल्यावर दोन्हीकडचे लोक एकदम नाचायला लागले. पंचांना काही कळेना. एक म्हणतो करण, दुसरा म्हणतो भागवत. कुणाच्या मोबाईलात नुसता धुरळा, कुणाच्या मोबाईलात पुढच्या माणसाची टोपी.

मग पंचांनी हर्षलला बोलावलं. त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून दाखवला. चुन्याची रेघ फोटोत खालून वर उभी. रेघेवर खालच्या बाजूला भागवतचा बैल, वरच्या बाजूला आमचा राजा. आणि भागवतच्या बैलाचं नाक चार बोटं पुढे. स्पष्ट, सुईसारखं.

आता यातली गोम बघा. फोटो काढणारा कुणाचा जावई? हरणाऱ्याचा. स्वतःच्या सासऱ्याविरुद्ध कोण फोटो काढील? म्हणजे फोटो खराच असणार. गावाला तेवढं पुरलं. त्या फोटोवर कुणी एक शब्द काढला नाही. काढला तो फक्त करणने.

"फोटू चुकलाय," करण म्हणाला. "राजाचं नाक आदी गेलं. म्या बघितलंय. मी छकड्यावर हुतो, तुमी न्हाई."

भागवतची माणसं उसळली. आणि अण्णा पुढे आले. मला वाटलं पोराच्या बाजूने बोलतील. अण्णांनी त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्या यात्रेदेखत. लग्नाच्या वयाचं पोर, त्याच्या हातात अजून कासरा होता.

"कॅमेऱ्याला ना मावशी ना आत्या," अण्णा म्हणाले. "त्यो कशाला खोटं बोलंल? हरला ती हरला, वर खोटं बोलतो? माज्या घरात खोटारडं निपजलं न्हाई आजवर."

तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी करणला माईकवर माफी मागायला लावली. भागवतच्या हातात नारळ द्यायला लावला. करणने ते सगळं केलं, मान खाली घालून, एकदाही डोळे न पुसता. त्यानंतर कमिटीने हर्षलला शाल आणि श्रीफळ दिलं, प्रामाणिकपणाबद्दल. अण्णांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. मंडपात आई माझा हात इतका घट्ट धरून बसली होती की बांगडी रुतली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत करण निघून गेला. चाकणला कुठल्या कंपनीत लागला. आईशी बोलतो. माझा फोन घेतो, पण 'बरा हाय, ड्यूटी हाय' एवढ्यात ठेवतो. हर्षलचा घेत नाही. अण्णांचं नाव काढलं की फोन बंद. अण्णाही काही कमी नाहीत. म्हणतात, खोटं बोलला ते कबूल करू दे, मग घरात येऊ दे. बैल दावणीला उभे आहेत, अंगाला माती लागलेली, आणि पोळा आला तरी त्यांना न्हाऊ घालणारा घरी नाही. आई एकच विचारायची, पोळ्याला तरी यील का गं त्यो. मी म्हणायचे, येईल. मला कुठे माहीत होतं.

तर स्टुडिओत हर्षल बैलापाशी अडखळला, आणि मच्छिंद्रने शहाण्यासारखा विषय बदलला.

"खरी बातमी तर पुढंच हाय," तो म्हणाला. "ग्लोबल शटर देनार. मोठ्या बॉडीत. पक्की खबर."

"काय करायचंय ग्लोबल शटर," हर्षल म्हणाला. "हेलिकॉप्टरची पाती मोजायचीत का आपल्याला?"

"आरं, तुजा कॅमेरा सायलेंटला टाकला की फोटो एकदम काढत न्हाई, रेघ रेघ वाचत येतो. ग्लोबल शटर एका झटक्यात आख्खा फोटो घेनार."

"ती मला माहीतंय. पळतं वाहान तिरकं दिसतं. लग्नात कोन पळतंय? नवरदेव सुदिक पळत न्हाई."

दोघं हसले. मी माऊस फिरवत होते तो थांबला.

"रेघ रेघ म्हणजे कशी हो भाऊजी?" मी विचारलं.

मच्छिंद्रला आनंद झाला. वहिनी पहिल्यांदाच काही विचारत होत्या. "समजा पंगत बसलीय वहिनी. वाढपी वरच्या टोकाकडनं लाडू वाढत येतो. एकदम समद्यांच्या ताटात पडत न्हाई. ह्यो खालच्या टोकाला पोचंस्तवर वरच्यानं अर्धा लाडू खाल्लेला असतो. तसं हाय. फोटोची वरची रेघ आदी, मग दुसरी, मग तिसरी. सगळ्यात खालची शेवटाला."

"वरची आधी? खालची नंतर?"

"व्हय. सेकंदाचा विसावा-पंचविसावा हिस्सा लागतो आख्खा फोटो वाचायला. ह्याच्या कॅमेऱ्याला तर जास्तच."

मी हर्षलकडे बघितलं. त्याला अजून काही सुचलेलं नव्हतं. तो फोनकडे बघून मान हलवत होता, हे सगळं मला पाठ आहे अशी.

"अहो," मी म्हणाले, "यात्रेत कॅमेरा सायलेंटला होता ना?"

"व्हय. अण्णांनीच सांगितलं हुतं. कॅमेरा टकटक करतो, राजा बुजंल, आवाज बंद करा म्हनले. का?"

"फोटोत करण वर होता. भागवत खाली."

एवढंच बोलले मी. हर्षल माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून रंग उतरताना मला दिसला. मी रोज माणसांच्या चेहऱ्याचे रंग दुरुस्त करते. असा उतरलेला कधी पाहिला नव्हता.

"काय बी काय बोलती," तो म्हणाला. "बैल म्हंजी काय विमान हाय का?"

त्याने तोच कॅमेरा उचलला, सायलेंटला टाकला, आणि दारात जाऊन उभा राहिला. मला खोटं पाडायला. रस्त्यावरून भाजीचा टेम्पो आला, त्याचा फोटो काढला. मग एसटीचा. मग एका मोटारसायकलचा. परत आला तो फोटो बघत बघतच आला, आणि माझ्यापुढे कॅमेरा धरला. विजेचा खांब ताठ उभा होता. त्याच्यापुढून जाणारा टेम्पो मागे रेलला होता. टपाने मागे, चाकाने पुढे. डोळ्यांनी तो टेम्पो मी सरळ जाताना बघितला होता.

मी यात्रेची फाइल उघडली. तो फोटो चैत्रात शेकडो वेळा पाहिला असेल, पण बघायचे ते नाकांकडे. आता चाकांकडे बघितलं. छकड्याचं एकही चाक गोल नव्हतं. सगळी तिरकी, अंड्यासारखी. अल्बमच्या कामात असं काही दिसलं की मी लेन्सला शिव्या घालते आणि पुढे जाते.

हर्षल खाली बसला, कागद ओढला, मच्छिंद्रला विचारत विचारत हिशोब मांडला. दोन नाकांमध्ये किती रेघा, तेवढ्या वाचायला किती वेळ, तेवढ्या वेळात पळता बैल किती पुढे जाईल. वरच्या राजाचं नाक कॅमेऱ्याने आधी टिपलं. मग रेघ रेघ खाली येईपर्यंत भागवतचा बैल आणखी पुढे सरकला, आणि तो सरकलेला बैल फोटोत आला. त्याने तीनदा हिशोब केला. तिन्ही वेळा एकच निघालं. भागवत चार बोटं पुढे नव्हता. करण चांगला वीतभर पुढे होता.

"म्या लावला हा निकाल," हर्षल म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "शाल घेतली गं म्या."

मच्छिंद्र स्पीकरवरून म्हणाला, "आपन दोघं रोज ह्याच्यावर बोलतो रे. मला बी सुचलं न्हाई." आणि त्याने फोन ठेवला. त्याने स्वतःहून फोन ठेवलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

मला राग आला होता, पण नक्की कुणाचा ते कळत नव्हतं. नवऱ्याचा आला, की चोवीस का तेहतीस यावर तासन् तास घालवतो आणि ज्या गोष्टीने माझा भाऊ घरातून गेला ती तोंडपाठ असून दिसत नाही. अण्णांचा आला. पण सगळ्यात जास्त काय आलं असेल तर ती आईची आठवण. त्या बिचारीला यातलं काही कळत नव्हतं, तरी तिने एकदाही करणला खोटं म्हटलं नव्हतं.

"उठा," मी म्हणाले. "लॅपटॉप घ्या. आत्ताच्या आत्ता माहेरी जायचंय."

"उद्या गेलं तर?"

"माझ्या भावाला भर यात्रेत मार बसला तेव्हा उद्या म्हणाला होतात का?"

तो उठला. स्टुडिओचं शटर ओढलं आणि आम्ही मोटारसायकलवर निघालो. वाटेत तो दोनदा म्हणाला, अण्णांना कसं सांगायचं. मी म्हणाले, जसं घडलं तसं. पण मलाही खात्री नव्हती. अण्णांनी एकदा एखादी गोष्ट धरली की सोडत नाहीत. ते लॅपटॉप फेकून देतील, हर्षलला बोलतील, मला म्हणतील भावाची वकिली करायला आलीस. मी सगळ्यांची उत्तरं तयार करत होते.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलला होता. अण्णा गोठ्यासमोर बाजेवर बसून पोळ्याला बैलांच्या तोंडावर बांधायच्या म्होरक्या वळत होते. जावई अचानक आलेला बघून गडबडले, आईला चहा टाकायला सांगितला. हर्षल टेकला नाही. उभ्या उभ्या म्हणाला, "अण्णा, माझी चूक झालीय. लई मोठी."

अण्णांना वाटलं आमचं नवरा-बायकोचं काही झालं. माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉप बाजेवर ठेवला आणि उघडला.

सांगायला बराच वेळ लागला. हर्षल शटर, सेन्सर असले शब्द वापरायला लागला तसं मी त्याला थांबवलं आणि मच्छिंद्रची पंगत सांगितली. टेम्पोचा फोटो दाखवला, ताठ खांब आणि रेललेला टेम्पो. मग छकड्याची चाकं दाखवली. अण्णा शाळेत फार गेले नाहीत, पण चाक त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांनी पडद्याजवळ तोंड नेलं. बोटाने चाकाची कड गिरवली.

"ह्ये चाक गोल हुतं," ते म्हणाले. "म्या सोता बसवलं हुतं."

"व्हय अण्णा. कॅमेऱ्यानं तिरकं केलं."

"मग नाक बी?"

"नाक बी."

"म्हंजी राजा फुडं हुता?"

"वीतभर," हर्षल म्हणाला.

आई चहा घेऊन दारात उभी होती. तिने कपांची ताटली तिथेच उंबऱ्यावर ठेवली.

अण्णा ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी आपला उजवा हात मांडीवर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. बराच वेळ. मी माझ्या बापाला रडताना कधी बघितलेलं नव्हतं, आणि तेव्हाही ते रडले असं म्हणता येणार नाही, पण मला बघवेना. जी उत्तरं तयार करून आणली होती त्यातलं एकही लागलं नाही.

"म्या त्याला माईकवर बोलायला लावलं," अण्णा म्हणाले.

त्यांनी पुन्हा त्या हाताकडे बघितलं.

"नारळ द्यायला लावला. जिकलेल्या पोराला." ते हर्षलकडे वळले. "पाव्हनं, त्यो कॅमेरा आसा का करत आसंल? चांगला भारीतला म्हनला हुता तुमी."

हर्षल सांगायला लागला, "त्यो सायलेंटला हुता म्हनून. साध्या शटरवर ठिवला असता तर एवढा फरक..." मी त्याच्या पायावर पाय दिला. आवाज बंद करा कुणी सांगितलं होतं ते अण्णांना आठवलं असतं तर ते तिथेच कोसळले असते. हर्षलला समजलं. म्हणाला, "मशीन हाय अण्णा. आता नवीन येनार हाय, त्यात ह्यो दोष नसनार म्हनत्यात."

"नवीन यील तवा यील," अण्णा म्हणाले. "साळू, तुजा मोबाईल आन. माजा त्यो उचलत न्हाई."

आईने मोबाईल आणला. मीच नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. खरं सांगते, आतून मला आनंद होत होता. वाटलं, संपलं. आता करण येईल, बैल न्हातील, शिंगं रंगतील, आई पुरणाला डाळ निवडेल. घरातलं भांडण मिटवणारी मी, असंही थोडं वाटून घेतलं.

करणने दुसऱ्याच रिंगला उचलला. "बोल आये." मागे कुठेतरी मशीन चालल्याचा आवाज.

"म्या हाय," अण्णा म्हणाले.

फोन बंद झाला नव्हता, मशीनचा आवाज येत होता.

"करण, ठिवू नको. ऐक. तू खोटं बोलला न्हाई. राजा फुडं हुता. वीतभर फुडं हुता."

मग करणचा आवाज, एकदम लहान. "काय म्हनलात?"

"तू जिकला हुता. माजं चुकलं. तुजं बराबर हुतं."

आईने तोंडाला पदर लावला. मी हर्षलचा दंड धरला. तिकडे करणने नाक ओढल्याचा आवाज आला. तो रडत होता बहुतेक. चैत्रात यात्रेत रडला नव्हता.

"अण्णा," तो म्हणाला, "तुमाला पटलं?"

"पटलं. समदं पटलं."

"कसं पटलं?"

आणि अण्णांना बोलायला सापडलं. जे आत्ताच समजलं होतं ते त्यांनी सगळं सांगितलं, भराभर, उत्साहाने. कॅमेरा कसा वरनं खाली रेघ रेघ वाचतो. वाढपी कसा पंगतीच्या एका टोकाकडनं येतो. चाक कसं अंड्यासारखं झालंय. "पाव्हन्यांनी तीन-तीनदा हिशोब केला. लॅपटॉपात मला दावलं. त्ये कशाला खोटं सांगतील? म्हनून म्हनलं तुला लगेच फोन करावा."

ते थांबले. मशीनचा आवाज आता जास्त मोठा वाटत होता.

"म्हंजी आज बी," करण म्हणाला, "फोटूवाल्यानं सांगितलं म्हनूनच."

अण्णांना समजलं नाही. "काय?"

"म्या बी सांगितलं हुतं अण्णा. तवा तुमच्याम्होरं उभा राहून."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी मध्ये पडले असते, त्याला बोलले असते, माझ्या जिभेला ते जमतं. मी अण्णांकडे बघितलं. त्यांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं, आणि समजत गेलं तसतसे त्यांचे डोळे मोठे होत गेले.

"आयेला सांगा, काळजी करू नको," करण म्हणाला. "सोन्याच्या शिंगाला रंग लावताना डाव्या बाजूनं जा, उजव्या बाजूनं त्यो मारतो. पोळ्याला मला सुट्टी न्हाई."

फोन बंद झाला. अण्णांनी स्पीकरवरचा मोबाईल उचलून कानाला लावला आणि म्हणाले, "करण, सुट्टी न्हाई ह्ये खरं सांगतोस ना रं?" मग आपण काय विचारलं ते त्यांचं त्यांनाच कळलं. मोबाईल मात्र कानालाच राहिला.